कोराली फिट्झनर आणि बुधवारच्या बायका

टारांजिन गावच्या सायलोंपाशी, म्हणजे धान्याच्या उंच कोठारांपाशी, गव्हाच्या ट्रकांचा जो वजनकाटा आहे, तिथे कोराली फिट्झनर एकोणीस वर्षं बसत होती. कापणीच्या दिवसांत तिला मान वर करायला फुरसत नसे. बाकी वर्षभर मात्र केबिनमध्ये माश्या मारायच्या. माश्या मारायचा कंटाळा आला की ती खण उघडून राजकन्यांची पुस्तकं काढायची. नव्वद पानं, ठसठशीत टाइप, गुलाबी पुठ्ठा, वयोगट सात ते दहा. कोरालीचं वय छप्पन्न.

ही पुस्तकं मुळात तिच्या मुलीची. दहाव्या वर्षी लीअ‍ॅन म्हणाली, "टाकून दे, बाळबोध आहेत." म्हणून कोराली ती चर्चच्या जुन्या सामानाच्या दुकानात द्यायला निघाली. काही फाटलंय का बघावं म्हणून गाडीतच एक उघडलं, आणि दुकान बंद होईपर्यंत ती गाडीतच बसून राहिली. पुस्तकांचं खोकं घरी परत आलं. 'सात तळ्यांच्या राजकन्या' या मालेचे बावीस भाग तिने पुढे इतक्यांदा वाचले, की कुठल्या पानावर कुणाचा घोडा लंगडतो तेही तिला ठाऊक होतं.

ट्रकवाले खिडकीतून डोकवायचे. "काय कोराली, आज तरी बेडूक माणसात आला का?"

"नाही रे. तो आता ट्रक चालवतो," ती पावती पुढे सरकवत म्हणायची.

लोक हसतात याचं तिला काहीच वाटत नसे. हसणाऱ्यांची लायकी ती ओळखून होती.

जूनमध्ये तिची नणंद ग्लेनिस काट्यावर आली. दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी दुपारी ग्लेनिसकडे वाचनमंडळ भरायचं. शहरातून पुस्तकांची पेटी यायची, पण सभासद आठ असतील तरच. आठवी बाई मुलीकडे राहायला गेली होती.

"तुला वाचायबिचायची गरज नाही," ग्लेनिस म्हणाली. "नुसती येऊन बस. डोकी मोजायला."

"डोकंच हवंय ना? येते," कोराली म्हणाली.

त्या महिन्याचं पुस्तक चारशे बारा पानांचं, बक्षीस मिळालेलं. कोरालीने ते अक्षरन् अक्षर वाचलं. त्यातली बाई चाळीस पानं खिडकीतून बाहेर बघत होती, आणि नंतर दुसऱ्या खिडकीशी गेली. बुधवारी मात्र जी ती "भाषा काय देखणी!" म्हणत होती. ऱ्होंडा नावाची ठसक्यातली बाई तर डोळे मिटून बोलत होती. कोरालीने विचारलं, "ती शेवटी विहिरीत पडते तेव्हा तुम्हाला काय वाटलं?"

"अगं, मला तर रडूच आलं," ऱ्होंडा म्हणाली.

त्या पुस्तकात विहीर नव्हती. कोरालीने केकचा तुकडा उचलला आणि बाकीच्या सात जणींकडे एकेक करून नीट बघून घेतलं. पान उलटल्याची खूण एकीच्याच चेहऱ्यावर दिसत होती, ती म्हणजे मिस टिअर्नी. त्र्याऐंशी वर्षांच्या, शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. तिसरीत कोरालीला त्यांनीच शिकवलं होतं. विहिरीच्या नावाने त्यांनी नुसती एक भुवई उचलली होती.

ऑगस्टमध्ये पुस्तक निवडायची पाळी कोरालीची आली. तिने अकरावा भाग सुचवला, 'मिठाच्या तळ्याची राजकन्या', आणि प्रती स्वतः मागवून घरोघर पोचवल्या.

त्या बुधवारी बायका कागदी मुकुट घालून आल्या. ऱ्होंडाच्या हातात प्लॅस्टिकची जादूची कांडी होती. ग्लेनिसने कोरालीला गुडघे वाकवून मुजरा केला. मग बराच वेळ सगळ्या खिदळत राहिल्या.

हसणं ओसरल्यावर कोरालीने विचारलं, "वाचलं कुणी?"

"त्यात वाचायचं काय, बाई?" ऱ्होंडा म्हणाली.

"मग सांग, ती लग्न कुणाशी करते?"

"राजपुत्राशी. आणखी कुणाशी?"

"करत नाही. अंगठी तळ्यात फेकते आणि मिठागर स्वतः चालवते. नव्वद पानं, ऱ्होंडा. माझी मुलगी आठव्या वर्षी आंघोळीच्या टबात बसून वाचायची. तुम्हाला चारशे झेपत नाहीत हे मी समजू शकते. पण नव्वदही नाहीत? आणि वर मुकुट घालून मिरवता?"

ग्लेनिसचा चेहरा पडला. "कोराली, गंमत होती ती."

"मी वाचलंय," कोपऱ्यातून मिस टिअर्नी म्हणाल्या. त्यांच्या डोक्यावर मुकुट नव्हता. "दोनदा. भिकार आहे. राजाचे डोळे बाराव्या पानावर निळे, साठाव्यावर घारे. लिहिणारीला स्वतःचंच लिहिलेलं आठवत नाही."

कोराली खुर्चीत सरसावून बसली. "चौथ्या भागात त्याने चेटकिणीशी डोळ्यांची अदलाबदल केलीय, मिस टिअर्नी. एक महिना निळे, एक महिना घारे."

"मग ते अकराव्यात सांगायला नको?"

"चौथा न वाचता अकरावा उघडणाऱ्यांसाठी ती लिहीत नाही."

"अकरावा आमच्या हातात कुणी दिला?"

मुद्दा बिनतोड होता. तिसरीच्या वर्गात उभं केल्यासारखे तिचे कान तापले, पण का कोण जाणे, तिला बरंही वाटलं. घरून आणलेला केक तिने तसाच डब्यात परत भरला आणि म्हणाली, "मी उद्यापासून मंडळात नाही. मिस टिअर्नी, चौथा तुम्हाला आणून देते."

सभासद सातच उरल्या आणि पेटी यायची थांबली. कोरालीने मंडळ मोडलं, असं ग्लेनिस गावभर सांगत सुटली. कोरालीच्या नवऱ्याने, मर्व्हने, भीत भीत तिला विचारलं, "खरं का गं?"

"वाचनाचं मंडळ तिथे होतंच कुठे मोडायला?" कोराली म्हणाली.

आता दर गुरुवारी मिस टिअर्नी काठी टेकत केबिनमध्ये येतात, वाचून झालेला भाग टेबलावर आपटतात आणि चुका वाचून दाखवतात. चौथ्यापासून सुरुवात करणंही अडाणीपणाचं, असं ठरवून त्या पहिल्यापासून लागल्या आणि सोळाव्यापर्यंत पोचल्या आहेत.

"हा तर आधीच्या सगळ्यांहून रद्दी," परवा त्या म्हणाल्या. "ड्रॅगनला व्याकरण येत नाही."

"ड्रॅगन परदेशी आहे," कोराली म्हणाली. "नवव्यात सांगितलंय. तुम्ही नीट वाचत नाही."

बाहेर ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. दोघींपैकी कुणीही वळून बघितलं नाही.