बिननावाची वाटी

ऑफिसात मला मागून ‘पुरावा मॅडम’ म्हणतात. मला माहीत आहे, आणि रागही येत नाही. सरकारी फायलींमधल्या चुका शोधणं हेच माझं काम, त्यामुळे कागद दाखवा, मग बोला — हा स्वभावच झालाय. भुतंखेतं, दृष्ट, अंगात येणं, स्वप्नात येऊन कुणी काही सांगणं... घरात असला विषय निघाला की मी चहा ठेवायला उठून जाते. या सदरातले अनुभव वाचतानाही मी बहुतेक वेळा हसलेय, तेव्हा माझं वाचून तुम्ही हसलात तर तक्रार करणार नाही. पण जे झालं ते झालं.

आम्ही आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतो. माहेर माझं सांगलीचं. त्या वर्षी ऐन रमजानात आमच्या क्वार्टरचं प्लंबिंग उखडलं — ‘चार दिवसांत करून देतो, मॅडम’ म्हणत प्लंबरांनी बाथरूमची फरशीच काढून नेली. नवरा टूरवर होता आणि मुलगी सांगलीला, आजीकडे. माझी ऑफिसातली मैत्रीण शाहीन मला म्हणाली, “अगं मंजू, हॉटेल कशाला शोधतेस? माझ्याकडे चल. दिल्लीत इतकी वर्षं राहिलीस, रमजानातली दिल्ली कधी आतून बघितलीस का?”

शाहीन मिरजेची. सांगली-मिरज म्हणजे आमचं घर-अंगण. घरी ती माझ्याशी अस्सल मराठीत भांडते आणि नवऱ्याशी, आरिफशी, दिल्लीच्या हिंदीत. त्यांचं घर तुर्कमान गेटच्या आत. गल्लीचं नाव देत नाही, लोक अजून तिथेच राहतात. खाली छोटं अंगण आणि शाहीनच्या दोन खोल्या. मधला मजला कुलूपबंद, तिथले नातेवाईक केव्हाचे नोएडाला राहायला गेलेले. सगळ्यात वर आरिफची मावशी, सकीना खाला, एकटी.

जिना इतका उभा की मलाच धाप लागायची. खालांचे गुडघे गेलेले. म्हणून वरच्या सज्ज्यातून अंगणात दोरीला बांधलेली टोपली सोडलेली असायची. दूध, भाजी, औषधं, सगळं टोपलीतून वर. खाला दोरी हलवायच्या, म्हणजे टोपली भरा. आपण हलवायची, म्हणजे ओढा.

खालांना मधुमेह होता. डॉक्टरांनी रोजे ठेवायला साफ मनाई केली होती आणि आरिफने त्यांच्याकडून तसं वचनही घेतलं होतं. त्यांच्या स्वयंपाकघरातून साखर, गूळ, मुरांबे, सगळं त्याने उचलून खाली आणलं होतं. घरात आरिफ आणि शाहीन दोघांचे रोजे. मी सुट्टी टाकलेली. तेव्हा दुपारचं खालांचं जेवण वर पाठवायचं काम मी आपण होऊन घेतलं. माझ्यासोबत घरून आणलेल्या चार भांड्यांत एक स्टीलची वाटी होती, आईने माझं नाव घालून दिलेली. तुम्हाला माहीतच आहे, आपल्याकडे नाव घातल्याशिवाय भांडं घराबाहेर पडत नाही. शेजारीपाजारी अदलाबदल होते ना! त्या वाटीत मी कधी मऊ खिचडी, कधी दहीभात वर पाठवायची.

पहिल्याच दिवशी वाटी धुऊन खाली आली ती मूठभर नमकपारे, म्हणजे खारे शंकरपाळे, घेऊन. मी वर जाऊन म्हटलं, “खाला, हमारे यहाँ भी बर्तन खाली नहीं लौटाते. कुछ न हो तो थोड़ी शक्कर डाल देते हैं.”

खाला हसल्या. बारीक चणीची बाई, डोळे मात्र टपोरे. “शक्कर तो बेटी, इन लोगों ने मेरे घर से निकाल दी,” त्या म्हणाल्या. “तेरे लिए कुछ और ढूँढना पड़ेगा.”

मग रोज काही ना काही यायचं. पुदिन्याच्या दोन काड्या, भिजवलेले बदाम, एकदा तर नुसती एक वेलची. वाटी रिकामी कधी आली नाही.

त्या दिवसांत मी जे पाहिलं ते मला आधी खरंच माहीत नव्हतं. संध्याकाळी गल्लीचा आवाज हळूहळू उतरायचा. तळणीचा वास, कापलेल्या कलिंगडाचा वास, आणि लोक थाळ्या समोर घेऊन गप्प बसलेले. खजूर हातात, पण तोंडात नाही. दिवसभर तहानलेली माणसं पाण्याच्या पेल्याकडे बघत शांतपणे थांबतात, हे दृश्य मला फार मोठं वाटलं. मी रोजा ठेवत नव्हते, पण त्या वेळी पाण्याचा घोट घ्यायला मलाही संकोच व्हायचा. मशिदीचे दिवे लागले, अजान झाली, की एकदम सगळ्या गल्लीने श्वास सोडल्यासारखं व्हायचं.

आता तो दिवस.

आरिफ बाजारात गेला होता. शाहीन शेजारी थाळी द्यायला गेली आणि तिथेच बोलत उभी राहिली असणार, मिरजेची सवय! मी अंगणात एकटी फळं चिरत होते. अजानीला थोडा वेळ होता. तेवढ्यात दोरी हलली आणि टोपली खाली आली.

आत एक वाटी होती. वाटीत साखर.

मी हसले. खरंच सांगते, मला फार गोड वाटलं. म्हटलं, बघा, म्हातारीने माझा शब्द लक्षात ठेवला! कुठून तरी साखर पैदा केली आणि आपल्या रीतीने दुपारचं भांडं परत पाठवलं. म्हणजे कुठेतरी चोरून ठेवलेली असणार... आरिफला सांगावं की नाही, हाही विचार मनात आला. मग वाटी उलटसुलट करून पाहिली. नाव नव्हतं. माझी नव्हतीच ती. पितळेची, आतून कलई केलेली, काठाला थोडी चेपलेली. म्हटलं, खालांनी भांडं बदललं. साखर तशीच ठेवून मी वाटी बाजूला ठेवली आणि पुन्हा सफरचंद चिरायला घेतलं.

दोरी पुन्हा हलली. टोपली वर गेलीच नव्हती. माझ्यासमोर अंगणात होती आणि दोरी हलत होती. इफ्तारीची थाळी हवी असेल, म्हणून मी खजूर, फळं, भजी टोपलीत ठेवली. “खाला, खींचिए!” दोरी थांबली. मी हलवली. कुणी ओढेना. मान वर करून दोनदा हाका मारल्या. सज्ज्यात कुणी नव्हतं.

तरीसुद्धा मला भीती वगैरे काही वाटली नाही, उलट थोडा वैतागच आला. आता तो जिना चढणं आलं. म्हटलं, जातेच आहे तर ही वाटी देऊन माझी घेऊन येऊ. म्हणून — फक्त म्हणून — साखरेची वाटी माझ्या हातात होती.

खाला सज्ज्यात नव्हत्या. आतल्या खोलीत, पलंग आणि भिंतीच्या मधे, जमिनीवर पडलेल्या होत्या. कपडे घामाने चिंब, हात गार. डोळे अर्धे उघडे, पण मला ओळखत नव्हते. ओठ हलत होते, शब्द फुटत नव्हता. माझ्या बाबांना मधुमेह होता. शुगर खाली गेली की माणूस कसा दिसतो ते मी पाहिलेलं आहे. मी चिमूट चिमूट साखर त्यांच्या हिरड्यांना आतून चोळायला लागले, मान एका बाजूला धरून, आणि जोरजोरात शाहीनला हाका मारत राहिले.

अजान व्हायची होती. ते मला कळत होतं. त्यांचा रोजा नाही, असंच मी धरून चालले होते... पण ओट्याकडे नजर गेली तर तिथे माझी वाटी होती. माझ्या नावाची. वर ताटली झाकलेली, आत दुपारची खिचडी, बोटही न लागलेली.

खाला रोजा ठेवून होत्या. त्या दिवशीच नाही, सुरुवातीपासून. सकाळी गोळी घ्यायच्या आणि दिवसभर उपाशी. माझं जेवण रोज गच्चीवरच्या मांजरांना जायचं, हे नंतर कळलं. माझा हात क्षणभर थांबला. मग मी पुन्हा चोळायला लागले. साखर त्यांच्या तोंडात विरघळत होती तेव्हा मशिदीचे दिवे लागले नव्हते. शाहीन धावत वर आली, आरिफला फोन झाला, तो शेजारच्या एकाला घेऊन धावत आला, आणि आम्ही चौघांनी चादरीत घालून त्यांना त्या जिन्यावरून उतरवलं तेव्हा कुठे अजान सुरू झाली. गल्लीतली माणसं तोंडाशी नेलेला खजूर खाली ठेवून वाट करून देत होती.

दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, त्या तोंडातल्या साखरेने वेळ मिळाला. उशीर झाला असता तर बाई गेल्या होत्या. मी विचारलं, पडण्याआधी त्यांनी टोपली सोडली असेल का? ते म्हणाले, या अवस्थेत त्या बराच वेळ असणार. उभं राहणंही जमलं नसतं. मग खांदे उडवून म्हणाले, “लेकिन कह नहीं सकते.” हे शेवटचं वाक्यही मी प्रामाणिकपणे लिहिते आहे, कारण मीच मला तेच सांगत होते.

दुसऱ्या दिवशी खाला शुद्धीवर, उशीला टेकून बसलेल्या. मला बघून पहिला प्रश्न, “बेटी, तूने जब मुँह में शक्कर डाली... अज़ान हो गई थी?”

आरिफ माझ्याकडे ‘हो म्हण’ अशा नजरेने बघत होता. सोपं होतं. पण मला नाही जमलं. मी म्हटलं, “नहीं खाला. अज़ान से पहले. मुझे पता नहीं था, और जब पता चला तब भी मैं रुकी नहीं.”

त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. लहानपणापासून एकही रोजा सुटला नव्हता, त्या म्हणाल्या. आरिफ समजावत होता, आजाऱ्याला रोजा माफ असतो, खाला, तुम्हालाही ठाऊक आहे. त्या ऐकत नव्हत्या. मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू... एखाद्याचा जीव वाचवून त्याचं काहीतरी मोडल्यासारखं.

मग मी पर्समधून ती वाटी काढली. “खाला, आपने ही तो भेजी थी.”

त्यांनी वाटी हातात घेतली. काठावरून बोट फिरवलं. उलटी करून पाहिली, मी पाहिली होती तशीच.

“ये मेरी नहीं है,” त्या म्हणाल्या. “और मैंने कुछ नहीं भेजा. मुझे तो दोपहर में ज़ोहर की नमाज़ के बाद का कुछ याद ही नहीं. शक्कर मेरे पास कहाँ से आती?”

खालांनी डोळे पुसले आणि वाटी माझ्या हातात परत ठेवली.

“जिसने भेजी, उसने भी तो अज़ान का इंतज़ार नहीं किया,” त्या म्हणाल्या. “तो तू क्यों रोती है?”

मी रडत होते हे मला तोपर्यंत कळलंच नव्हतं.

त्यानंतर जे शोधायचं ते मी सगळं शोधलं. ‘पुरावा मॅडम’ आहे ना! आरिफने वरचं स्वयंपाकघर डबा न् डबा उघडून पाहिलं, साखरेचा कण नव्हता. मधल्या मजल्याचं कुलूप काढलं. आत धूळ जशीच्या तशी, पाऊल उमटलेलं नाही. शेजारच्या गच्चीवरून कुणी यावं तर मधे पुरुषभर उंचीची भिंत. वाटी घेऊन शाहीन आणि मी गल्लीतल्या दारोदार फिरलो. बायकांनी हातात घेऊन पाहिली, एकमेकींना दाखवली. कुणाचीच नाही. आणि एक गोष्ट मी कुणाला पटवू शकत नाही, म्हणून फार बोलत नाही — टोपली माझ्यासमोर जमिनीवर असताना वरून ती दोरी कुणीतरी हलवत होतं. वारा नव्हता.

खालांनी त्यानंतर रोजे सोडले. सोडले म्हणजे त्यांच्या बदल्यात रोज एका माणसाला जेवू घालतात, त्यांच्याकडे तशी रीत आहे. वाटी ठेवून घ्या म्हटलं तर म्हणाल्या, “तू रख. मुझे शक्कर मना है.” आणि त्या टपोऱ्या डोळ्यांनी हसल्या.

आता ती माझ्या घरी आहे. मी तिच्यात साखर घालून ठेवते. आईने शिकवलंय, कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही. फक्त परत कुणाला करायचं, ते ठाऊक नाही.

मध्यंतरी मुलीच्या डब्याला नाव घालायला भांड्यांच्या दुकानात गेले होते. आमच्या मजल्यावर भांडी फार बदलतात, हरवायला नको, म्हणून ती वाटीही बरोबर नेली. दुकानदाराने मशीन सुरू केलं, वाटी हातात फिरवली आणि विचारलं, “इस पर किसका नाम लिखूँ, मैडम?”

मी वाटी त्याच्या हातातून घेतली आणि तशीच घरी आणली.