माझं दुखणं आणि ह्यांचं इंग्रजी

‘मेजर डिप्रेशन’ असं डॉक्टरांनी फाइलमध्ये लिहिलं, तेव्हा आमचे हे पहिलं वाक्य काय बोलले असतील? “डॉक्टर, हे लिहायलाच हवं का?”

मेजर डिप्रेशन म्हणजे तीव्र नैराश्य. आळस नव्हे, लाड नव्हेत, आणि ‘सुखात असलं की सुचतात असली थेरं’ हे तर नव्हेच नव्हे. आधीच सांगते, कारण हे सगळं मी ऐकलंय आणि स्वतःला ऐकवलंयही.

रियाधला येऊन दीड वर्ष झालं होतं. सांगलीत मी तिसरीच्या वर्गावर शिकवायची, दिवसभर पोरांचा कालवा. इथे हे बँकेत आयटीला. लेक मुक्ता शाळेच्या बसमध्ये बसली की दुपारपर्यंत फ्लॅटमध्ये मी एकटी. एकटीनं बाहेर पडायची सोय नाही. आधी झोप उडाली, मग भूक. कणकेची परात समोर घेऊन तासभर नुसती बसून राहायची. मुक्ता विचारायची, “आई, व्हाय आर यू क्रायिंग?” मला मराठीतसुद्धा उत्तर सुचायचं नाही.

एकदा कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले आणि कठड्यापाशी उभी राहिले. किती वेळ, देव जाणे. कशीबशी खाली आले. ह्यांना म्हटलं, “अहो, गच्चीला कुलूप लावा. मला माझीच भीती वाटतेय.” ह्यांनी कुलूप लावलं आणि चार दिवसांनी डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर इजिप्तचे, सगळं बोलणं इंग्रजीत. मला इंग्रजी कळतं, पण बोलायचं म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटते. म्हणून मी मराठीत सांगायचं, ह्यांनी इंग्रजीत. मी म्हटलं, “जगावंसं वाटत नाही. गच्चीची भीती वाटते.” हे म्हणाले, “डॉक्टर, शी इज मिसिंग होम. नॉट स्लीपिंग.”

मी ऐकत होते हो! पण परक्यासमोर नवऱ्याला खोटं कसं पाडायचं? व्हिटॅमिनच्या गोळ्या आणि ‘त्यांना जरा फिरायला न्या’ एवढं घेऊन घरी आलो. असं तीनदा झालं.

घरी मी भांडले तर हे म्हणाले, “इन्शुरन्सचे कागद ऑफिसात जातात. बायकोला वेड लागलंय असं कळलं तर नोकरी गेली, इकामा खलास. आणि गावाकडे काय सांगू?” इकामा म्हणजे इथं राहायचा परवाना. माणूस दुष्ट नाही, भित्रा आहे. पण मरायला मी टेकले होते ना!

चौथ्या खेपेला डॉक्टरांनी नेहमीसारखं ह्यांनाच विचारलं, “हाऊ इज शी?” मी ह्यांचा हात दाबला. “तुम्ही थांबा.” आणि मीच म्हटलं, “डॉक्टर, आय नॉट वॉन्ट लिव्ह. आय गो टेरेस. आय फियर.” व्याकरण गेलं खड्ड्यात.

डॉक्टरांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. “सिन्स व्हेन?”

“थ्री मंथ्स.”

मग ते ह्यांना सावकाश म्हणाले, “इतके दिवस तुम्ही मला दुसऱ्याच कुठल्या तरी बाईचा आजार सांगत होता.” फाइलमध्ये ते दोन शब्द लिहिले गेले ते तेव्हा. लिहायलाच हवं का, असं विचारता विचारताच हे ओक्साबोक्शी रडले. लग्नानंतर पहिल्यांदाच.

अँटिडिप्रेसंट, म्हणजे नैराश्यावरच्या गोळ्या, सुरू झाल्या. लगेच गुण येत नाही. पहिले तीन आठवडे वैऱ्यालाही नकोत असे गेले. हे रजा काढून माझ्याजवळ बसून राहिले.

तुमच्यावर अशी वेळ आली तर मोडकंतोडकं का होईना, स्वतः बोला. ते जमत नसेल तर बाहेरचा दुभाषा मागा. घरचं माणूस मायेपोटीच नेमके हवे ते शब्द गाळतं.

मी पूर्ण बरी झाले नाही. कधी कधी ते विचार अजून येतात. आले की मी ऑफिसात फोन करते, हे काम टाकून घरी येतात. परवा विचारलं, “साहेबांना काय सांगता हो?”

“बायको आजारी आहे म्हणून सांगतो.”

“आणि काय झालंय विचारलं तर?”

“डिप्रेशन, असं सांगायचं ठरवलंय,” हे म्हणाले. “पण बायकोचं दुखणं आहे ना, इथे दुसऱ्याच्या बायकोची चौकशी करत नाहीत. अजून कुणी विचारलंच नाही.”