ड्रॉइंगमध्ये नसलेल्या तीन खाचा

दोनशे बुश, आणि प्रत्येकाच्या आत तीन उभ्या खाचा. आमच्या ड्रॉइंगमध्ये एकही खाच नव्हती. मी माप तपासायचा गेज पेटीत ठेवला आणि म्हणाले, "सगळा लॉट रिजेक्ट."

बीडच्या सात लेथवाल्यांनी मिळून काढलेली ती सहकारी संस्था. मी मोठ्या पंप कंपनीची क्वालिटी इन्स्पेक्टर. बुश म्हणजे पंपाच्या फिरत्या दांड्याला आधार देणारं धातूचं कडं. त्यांचा हा पहिलाच लॉट. तो नापास झाला तर कंपनी दुसरा देणार नव्हती. दुष्काळात बोअर आटले, तशी पंपदुरुस्तीही थांबली होती. सातही लेथ या एका ऑर्डरवर चालत होते.

"ड्रॉइंग बघितलं नाही का?" मी संस्थेचे चेअरमन भानुदास मिस्त्रींना विचारलं.

"पाह्यलं की मॅडम. पण हात सवयीनं चालला. दुरुस्तीत खाचा पाडीतच आलो आमी."

"आणि बाकी सहा जणांचा?"

"त्यांचा बी." मग म्हणाले, "पण कावून पाडल्या, ते तर इचारा."

ते मी विचारलंच नव्हतं. त्यांनी खणातून दोन जुने बुश काढले. दोन्ही जवळच्या तलवाडा गावातल्या एकाच बोअरमधले.

"पाणी खोल गेलं की पंप गाळ वढतो. गाळ अडकला की बुश खातो. खाच आसली की पाण्यासंगं निघून जातो."

बिनखाचेचा बुश एका उन्हाळ्यात झिजून पत्र्यासारखा झाला होता. खाचेचा दोन उन्हाळे काढूनही ठणठणीत. मला राग आला, तो स्वतःचाच.

शिक्का न मारता दहा बुश घेऊन मी पुण्याला आले. डिझाईनचे साहेब भडकले. "आता व्हेंडर आपल्याला डिझाईन शिकवणार?"

"सर, आपण पंप बनवतो. बंद पडलेले ते उघडतात."

साहेबांनी चाचणी लावली. टाकीत गढूळ पाणी भरून दोन पंप शेजारी शेजारी चालवले. साधा बुश पंधरवड्यात संपला. खाचेचा चालतच राहिला. शेवटी साहेबांनीच कंटाळून तो बंद करायला लावला.

लॉट पास झाला. नवीन ड्रॉइंग घेऊन मी स्वतः बीडला गेले. भानुदास मिस्त्रींनी चष्मा लावून त्यातल्या तीन खाचा मोजल्या.

"आता हितून पुढं समदं ड्रॉइंगपरमानंच करू, मॅडम," ते गंभीरपणे म्हणाले.

रिजेक्टचा शिक्का मारायला एक सेकंद लागतो. 'कावून?' विचारायलाही तेवढाच. आता मी आधी विचारते.