तर्री पोहे आणि चार वर्षांचा अबोला

नेरच्या बसस्टँडसमोर रामधनचं हाटेल आहे. तिथं रोज सकाळी पेपर मोठ्यानं वाचून दाखवायचं काम विठ्ठलरावांचं. पंचायत समितीतून रिटायर झालेले बाबू. कोणता नेता कोणत्या पक्षात, कोण कोणाचा साडू, सगळं तोंडपाठ. लोक विचारायचे, हे सांगायचे. म्हाताऱ्या माणसाला तेवढाच मान, दुसरं आहे काय!

गेल्या दिवाळीनंतर मात्र घोळ झाला. चहा गाळता गाळता रामधननं विचारलं, "बाबूजी, हा फोटोतला आपला की त्यायचा?"

विठ्ठलरावांनी चष्मा पुसला. फोटो जवळ नेला, लांब नेला. आधी हा त्यायचा होता. मधात आपल्याकडं आला. मग पक्षच फुटला, अर्धा इकडं, अर्धा तिकडं. आता हा कोणत्या अर्ध्यात? "थांब बे, सांगतो," म्हणाले, पण सांगता काही येईना. डोकं गरगरलं. दुसऱ्या दिवसापासून पेपर बंद, घरच्या टीव्हीवरच्या बातम्याही बंद. गेलं उडत!

आणि काय सांगावं, माणसाच्या जिभेला चव आली! तीस वर्षं पेपरात नाक खुपसून नुसते गिळलेले तर्री पोहे त्यांनी पहिल्यांदा नीट खाल्ले. वर कच्चा कांदा, झणझणीत रश्शाची तर्री दोनदा मागून. मग गरम जिलेबी. मग चहा बशीत ओतून, फुर्रकन. हे सुख इतके दिवस समोर असून आपल्याला दिसलं कसं नाही, हेच त्यांना उमजेना.

पण सुख एकट्याला पचत नाही. समोरच्या बाकावर बळीराम बसायचा. जवळच्याच खेड्यातला शेतकरी, चाळीस वर्षांचा दोस्त. चार वर्षांपूर्वी इलेक्शनात दोघांचं जुंपलं, तेव्हापासून बोलणं बंद. बरं, ज्या दोन नेत्यांपायी जुंपलं, ते तर आता एकाच स्टेजवर एकमेकांना हार घालतात. मग आपण काहून तोंड फिरवून बसून राह्यलो? विठ्ठलरावांना काही म्हणता काही समजेना. एवढंच कळत होतं, की हा माणूस आपल्याला परत पाहिजे.

एका बुधवारी ते उठले आणि जिलेबीची प्लेट घेऊन सरळ त्याच्यासमोर जाऊन बसले.

बळीरामनं डोळे बारीक केले. "कोणासाठी आला? जिल्हा परिषदेच्या इलेक्शनात कोणाचं काम करून राह्यला आता?"

"कोणाचंच नाही गा. जिलेबी खा म्हणून आलो."

"फुकट?"

"फुकट."

बळीरामनं प्लेटीला हात लावला नाही. विठ्ठलरावांनी मग मनातलं बोलूनच टाकलं, "बळी, आपलं भांडण नेमकं कोणत्या बोलण्यावरून पेटलं होतं? मले तर आठवूनच नाही राह्यलं."

बळीराम खुदकन हसला. "मलेबी नाही आठवत लेका!"

विठ्ठलरावांच्या छातीवरचा धोंडा उतरला. तेही हसले, जरा जास्तच मोठ्यानं.

बळीराम हसायचा थांबला. "पण माह्या विमलच्या तेरवीले तू आला नाही. थे आठवते."

तेरवी. तेराव्याचं जेवण. खरंच की. त्या दिवशी तिथं त्यायचा कोणीतरी नेता भेटायला येणार होता. त्याच्या पंगतीत बसायचं नाही, म्हणून विठ्ठलराव धुतलेले कपडे घालून तयार असूनही घराबाहेर पडले नव्हते. कोण होता तो नेता? नाव आठवेना. आता कोणाकडं आहे, तेही सांगता येईना. त्याच्यापायी आपण वहिनीच्या तेरवीला गेलो नाही? त्यांना स्वतःचाच काही मेळ लागेना.

"चुकलो गा," ते म्हणाले. "आज येऊ घरी? वहिनीच्या फोटोले हात जोडतो."

बळीरामनं जिलेबीचा तुकडा मोडला, हातातच ठेवला.

"ये ना," तो म्हणाला. "पण चहा तुलेच करा लागन. चार वर्षं झाली, मले अजून जमत नाही."