अर्थिंगची कापलेली तार

इतकी वर्षं लोटली, पण जयपूरच्या त्या कापड रंगवण्याच्या कारखान्यातली घटना मनातून जात नाही. एकोणीसशे साठच्या आसपासचा काळ; मी तिथं पोलिसात फौजदार होतो. कापड धुणारा एक मजूर चक्कर येऊन हौदात पडला आणि बुडून मेला, असं मालकाने आमच्या पोलीस ठाण्यात कळवलं. आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद केली, मालकाचा आणि मुनीमाचा जबाब घेतला. प्रकरण तिथंच मिटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरांचा फोन आला. ते आमच्या साताऱ्याकडचे.

"अहो, हा बुडाला नाही. फुफ्फुसात पाणीच नाही. तळहातावर भाजल्याची खूण आहे."

वीज निरीक्षकाला घेऊन मी कारखान्यात गेलो. हौदाशेजारच्या ओल्या भिंतीवर पाण्याच्या पंपाचं सॉकेट होतं. त्याने ते उघडलं. आत अर्थिंगची, म्हणजे गळकी वीज जमिनीत नेणारी तार कापून टोकाला व्यवस्थित पट्टी गुंडाळलेली होती. हे उंदराचं काम नव्हतं.

कारखान्याचं विजेचं काम बघणाऱ्या वायरमनला ठाण्यावर आणलं. खोटं बोलणारा आधी भरभरून बोलतो. हा मान खाली घालून बसला होता. मी चहा मागवला. कप खाली ठेवून तो म्हणाला, "साहब, पंप में पानी जाता था, फ्यूज बार-बार उड़ता था. मालिक बोला, काम नहीं रुकना चाहिए. अर्थ काटा, तो फ्यूज उड़ना बंद."

फ्यूज उडायचा थांबला आणि जमिनीत जाणारी वीज पंपाच्या लोखंडात खेळत राहिली. जबाब लिहून झाला. मी कागद त्याच्यापुढे सहीला सरकवला आणि सहज विचारलं, "और कहीं काटा है?"

त्याने पेन खाली ठेवलं. "चौमूं में, साहब. ऊन धोने का कारखाना."

लोकर धुण्याचा तो कारखाना जयपूरबाहेर वीसेक मैलांवर; तिथे फोन लागेना. त्यालाच जीपमध्ये घालून निघालो. सीकर रस्त्यावरचं रेल्वे फाटक बंद. मालगाडी संपता संपेना. शेजारी वायरमन पुटपुटत होता, "औरतें हैं वहाँ, साहब."

पोचलो तेव्हा सात-आठ बाया घोट्यापर्यंतच्या पाण्यात उभ्या होत्या आणि पंप चालू होता. मी दारातूनच ओरडलो, "पंप को हाथ मत लगाना!" वायरमन धावत गेला आणि त्याने मेन स्विच ओढला. पंप थांबला तशी एक म्हातारी म्हणाली, "चार दिन से झटका मारता है. हम तो बोरी लपेटकर छूते हैं."

पहिल्या कारखान्याचा मालक आणि वायरमन, दोघांवर निष्काळजीपणाचा खटला भरला. दोघांनाही शिक्षा झाली.

मला मात्र दुसरंच सलत होतं. मी पुन्हा पहिल्या कारखान्यात गेलो आणि मृताच्या सोबत्यांना विचारलं, त्यालाही आधी झटके बसत होते का?

"पंद्रह दिन से, साहब."

"फिर उस दिन बताया क्यों नहीं?"

त्यांतला एक वयस्कर धुणारा पुढे आला. "आपने मालिक से पूछा था, साहब. हमसे कहाँ पूछा?"

पुढच्या सगळ्या नोकरीत मी पहिला जबाब पाण्यात उभ्या असलेल्या माणसाचा घेतला.