सुरूच्या बागेत थांबलेले पाहुणे

जानकीबाय पाहुण्यांसाठी खोली पाहायला गेल्या, की आधी चप्पल काढून पलंगावर आडव्या होत. पंख्याचा आवाज, खिडकीतून तोंडावर येणारा उजेड, शेजारच्या मोरीचा वास, सगळे त्या पडल्या पडल्या तपासत. खोलीचा मालक दारात अवघडून उभा राही. "उभ्यानं खोली नुसती दिसते, भाऊ. कळते ती आडवं पडल्यावर," असे त्यांनी मला पहिल्याच भेटीत छताकडे पाहत सांगितले.

त्या कळंबच्या. उमेदीची वर्षे नालासोपाऱ्याच्या बाजारात मासळी विकण्यात गेली. पुढे सुट्टीच्या दिवशी लोक किनाऱ्यावर येऊ लागले, तेव्हा त्यांनी घरामागच्या वाडीत खोल्या बांधल्या. आळीतल्या बहुतेक घरांनी तेच केले आणि कोणाकडे कोण उतरणार, हे जानकीबाय ठरवू लागल्या. करारमदार कधी झाला नाही. त्यांनी हो म्हटले, की आळीने हो म्हटले.

वसईजवळच्या सातिवलीतल्या लहान कारखानदारांच्या संघटनेने पॅकेजिंग यंत्रांची आंतरराष्ट्रीय परिषद वसईत भरवायचे ठरवले, तेव्हा परदेशी प्रतिनिधींना ठेवायचे कुठे, हा प्रश्न आला. लग्नसराई होती, बऱ्या हॉटेलांत खोल्या उरल्या नव्हत्या. संघटनेने कळंब निवडले. मी वर्तमानपत्रातली नोकरी सोडून लिखापढीची कामे घेत होतो. प्रतिनिधींसाठी प्रवासाची आणि निवासाची माहिती लिहायचे काम माझ्याकडे आले. मसुदा मी जानकीबायांना वाचून दाखवला. 'विमानतळावरून कळंबला यावे' या वाक्यावर त्यांनी मला थांबवले. "यावे म्हंजे कसं? बॅगा कोन उचलनार? गाडी कुठवर येते? वाट सांगायची तर मानसाच्या सामानासकट सांगा." त्या एका वाक्याचा परिच्छेद झाला.

एका बाबतीत मात्र त्यांनी कोणाचे ऐकले नाही. निवासव्यवस्था पाहणारे सामंत स्वतः कारखानदार. निम्मे पाहुणे कळंबला आणि निम्मे अर्नाळ्याला ठेवावेत, असे त्यांचे म्हणणे होते. जानकीबाय म्हणाल्या, "परक्या मुलखातली मानसं. एकमेकांच्या हाकेवर असू द्या." सगळे पाहुणे त्यांच्या एकाच आळीत ठरले.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी जानकीबायांचे थोरले दीर नामदेव वारले. त्यांचे घर आळीच्या तोंडाशीच. एकुलता मुलगा दिनेश मासेमारीच्या बोटीवर होता. वायरलेसवरून निरोप गेला आणि बोट माघारी फिरली, पण ओहोटी लागली होती. भरतीचे पाणी चढल्याशिवाय बोट किनाऱ्याजवळ येऊ शकत नव्हती, आणि ते दुपार कलल्याशिवाय चढणार नव्हते. मयत उचलेपर्यंत कोणाच्याही घरी चूल पेटवायची नाही, धंदा करायचा नाही, असा त्या आळीचा रिवाज. खोल्यांना कुलपे लागली. प्रतिनिधींच्या दोन गाड्या तोवर विमानतळावरून निघाल्या होत्या.

सामंत धावतपळत आले. अंगणात बायका मयताभोवती बसल्या होत्या. ते कुंपणापाशीच थांबले. जानकीबाय उठून त्यांच्याकडे गेल्या.

"बाई, फार वाईट झालं," सामंत म्हणाले. "पण थोडं लवकर नाही का निघता येणार? गाड्या दुपारीच इथे पोहोचतील."

"पोरगा पान्यात हाय, साहेब."

"तो थेट स्मशानात येईल. तिथे दर्शन घेईल."

"पानी चढल्याबिगर तो यायचा नाय. राखेचं दर्शन घेईल काय?"

शेजारचा मंगेश पुढे आला. परिषदेसाठी त्याने खोल्यांना नवे एसी बसवले होते. "काकी, साहेब चुकीचं नाही बोलत. फॉरेनचे गेस्ट पहिल्यांदाच येतायत. आज परत गेले ना, तर पुढे आपल्याला विचारणार कोण? आणि सगळे एकाच आळीत ठेवा, हे तूच बोललीस."

जानकीबाय त्याच्याकडे वळल्या. "बोलले. चुकलं माझं. त्याची भरपाई थोरल्यांकडून घ्यायची काय रे?"

मंगेश मागे सरला. सामंतांनी मला बाजूला घेतले. रस्त्याचे काम चालू असल्यामुळे उशीर होईल, असा निरोप पाहुण्यांना पाठवा, म्हणाले. मी फोनवर लिहू लागलो, तेव्हा जानकीबायांनी काय लिहितो ते विचारले. मी वाचून दाखवले.

"पाहुना दमलेला असतो, येडा नसतो," त्या म्हणाल्या. "रस्ता तर त्याला दिसनारच हाय. घरात मानूस गेलाय, तसंच लिवा. पोरगा आला, की आम्ही तुमाला आत घेऊ. ज्याला थांबायचं नाय त्यानं जावं, आमचा राग नाय."

"आणि सगळेच गेले तर?" सामंतांचा आवाज चढला. "परिषदेची लाज जाईल. मग मी तुमच्याकडे पुन्हा एक माणूस पाठवणार नाही, सांगून ठेवतो."

"नका पाठवू."

मी मजकूर बदलला आणि फोन सामंतांच्या हातात दिला. त्यांनी मजकूर वाचून तो परत दिला. निरोप गेला.

गावाबाहेर सुरूच्या बागेत गाड्या थांबवण्यात आल्या. चौकशा झाल्या, फोन झाले. एका युरोपीय कंपनीच्या अधिकाऱ्याने ही व्यवस्था नव्हे, गैरव्यवस्था आहे, असे सामंतांना सर्वांदेखत ऐकवले. ज्यांना थांबायचे नव्हते, ते एका गाडीत बसून मुंबईकडे परत गेले. उरलेल्यांसाठी जवळच्या निर्मळ गावाहून जानकीबायांच्या ओळखीच्या बाईने स्कूटरवरून केळी, पाव आणि उकडलेली अंडी आणली. व्हिएतनामहून आलेल्या एका कारखानदार बाईने माझ्याकडे पुन्हा पुन्हा एकच चौकशी केली, मुलगा आला का? सामंत गाडीभोवती फेऱ्या मारत होते. उन्हे उतरू लागली, तरी बोट दिसत नव्हती. दुसरी गाडीही परत न्यायची, असे त्यांनी चालकाला सांगितले आणि त्याच वेळी कोणीतरी समुद्राकडे हात केला.

बोट बरीच आत उभी राहिली. पाणी अजून पुरेसे नव्हते. एक माणूस छातीभर पाण्यात उतरला आणि दोन्ही हातांनी पाणी सारत किनाऱ्याकडे येऊ लागला. तो ओल्या वाळूवरून धावत बागेतून, पाहुण्यांच्या मधून गेला. त्याने कोणाकडे पाहिले नाही. थोड्या वेळाने आळीतून आक्रोश ऐकू आला. चालकाने न सांगता गाडी रस्त्यावरून खाली वाळूत घेतली. तिरडी त्याच रस्त्याने आली. पाहुणे उतरून उभे राहिले, सामंतही.

तिथल्या बायका स्मशानात जात नाहीत. जानकीबायांनी मागे राहून अंगण धुऊन घेतले आणि त्या ओल्या पायांनी बागेत आल्या. सुतक असल्यामुळे त्यांनी कोणाच्या सामानाला हात लावला नाही. "खोल्या उघडल्यात," त्या म्हणाल्या. "अंथरुनं मंगेशच्या बायकोनं घातलीत. या आता." मी ते इंग्रजीत सांगितले.

सामंतांनी शब्द पाळला. पुढच्या परिषदेचे पाहुणे महामार्गावरच्या एका हॉटेलात उतरले. मंगेशने चारचौघांत जानकीबायांना बोल लावला आणि त्यांनी तो ऐकून घेतला. पाहुण्यांचे वाटप पुढे त्याच्याकडे गेले. नंतर एकदा कळंबला गेलो असता मी त्यांना विचारले, त्या दिवसाचे वाईट वाटते का.

"वाटतं ना," त्या म्हणाल्या. "आळीचा धंदा गेला माझ्यापायी." मग त्यांनी आळीच्या तोंडाकडे मान वळवली. "पन दिनेशनं बापाच्या तोंडात आपल्या हातानं पानी घातलं, भाऊ. ते पुढच्या सालावर ढकलता आलं असतं काय?"