शंकासुराचा नेमसर्व्हर

रुग्णालयाच्या कम्प्युटर विभागात त्याला सगळे शंकासुर म्हणत, आणि हे त्यालाही ठाऊक होतं. नेमसर्व्हर त्याच्या ताब्यात होता. वॉर्डातल्या कम्प्युटरवर कोणी प्रयोगशाळेचं नाव टाकलं की तिथलं यंत्र कुठल्या नंबरावर आहे, हे सांगणं नेमसर्व्हरचं काम. नवं सॉफ्टवेअर निवडताना या गृहस्थाने मागण्यांची चार पानी यादी दिली होती. परक्याला उत्तर मिळता कामा नये, कोणी काय विचारलं याची नोंद हवी, एक सर्व्हर बंद पडला तर दुसऱ्या इमारतीतल्याने काम उचललं पाहिजे. हा दुसरा सर्व्हर एरवीही निम्म्या वॉर्डांना उत्तरं देई, पण नवी प्रत घेई ती पहिल्याच्या नाव-नंबरांच्या फाईलवरचा अनुक्रमांक वाढलेला दिसला तरच. तो आकडा आपोआप वाढवायची सोयही सॉफ्टवेअरमध्ये होती. याने ती बंद केली, कारण यंत्राने आपल्या फाईलला हात लावलेला त्याला खपत नव्हता.

माणसांचं तर विचारूच नका. दोन महिन्यांपूर्वी शेजारच्या टेबलावर एक मुलगी रुजू झाली होती, अजून कायम व्हायची होती. तिने चहा आणून दिला तरी हिच्या मनात काय आहे, हा विचार करता करता चहा गार होई.

सोमवारी प्रयोगशाळेचं यंत्र नव्या खोलीत हललं, त्याचा नंबर बदलला. याने स्वतः फाईलमध्ये नवा नंबर लिहिला. तासाभरात फोन खणाणू लागले. निम्म्या वॉर्डांत रिपोर्ट दिसत होते, निम्म्यांत काहीच नाही. आणि मुलगी सकाळीच दुसऱ्या इमारतीत जाऊन आली होती. याला आणखी काय हवं होतं? हिने सर्व्हरशी छेडछाड केली आहे, हिला कायम करू नये, अशी तक्रार त्याने अधीक्षकबाईंकडे पाठवूनही दिली.

मग पुरावा हवा म्हणून त्याने दोन्ही सर्व्हरच्या फाईली शेजारी शेजारी उघडल्या. दुसऱ्यावर शुक्रवारचा अनुक्रमांक होता. त्याच्या स्वतःच्या फाईलवरही शुक्रवारचाच. आकडा वाढवायला तोच विसरला होता. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्याने आकडा एकाने वाढवला, वॉर्ड हळूहळू ताळ्यावर आले, आणि तो जिना चढून बाईंच्या खोलीत गेला. पोरीच्या नोकरीवर आपण उठलो होतो याची त्याला मनापासून लाज वाटत होती.

चूक माझी होती, तक्रार परत द्या, असं त्याने उभ्याउभ्याच सांगितलं. बाईंनी कागद त्याच्यापुढे सरकवला.

"घ्या. पण ती तुमच्याकडे राहणार नाही. गेल्या आठवड्यात तिनेच बदली मागितली."

"का?"

"म्हणाली, सरांकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. पण दिवसभर तेच माझ्या स्क्रीनकडे बघत बसतात, मी त्यांच्या स्क्रीनकडे कधी बघायचं?"

मी बोलतो तिच्याशी, तो म्हणाला. तिचा अर्जही परत मिळेल का, असं त्याने विचारलं.

"तो सकाळीच मंजूर केला," बाई म्हणाल्या.